ओसरीवाले रामटेके सर

रामटेके सरांनी आमच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटर रूमच्या दाराची आतली कडी स्वतःच्या हातानं काढून टाकली. भर दुपारी, स्टुलावर चढून, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. मी नुकतीच लेक्चरर म्हणून लागले होते. ज्यांच्या हाताखाली काम करायचं ते सेंटरचे इनचार्ज दाराच्या कडीशी झटापट करताहेत, हे मला झालेलं त्यांचं पहिलं खरं दर्शन.

झालं होतं असं, की आमचं एकुलतं एक मोठं मशीन बंद पडलं होतं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. नागपुरात तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे चपला बाहेर काढून बघायला जायची वस्तू. कंपनीचा माणूस मुंबईहून यायला महिना लागला. तो आला, टाय सैल केला, आम्हाला सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि आतून कडी लावून घेतली. आम्ही व्हरांड्यात उभे. बऱ्याच वेळानं बाहेर आला आणि "चालू झालं" म्हणाला. सरांनी विचारलं, काय बिघडलं होतं? तर म्हणे, ते सांगायची आम्हाला परवानगी नाही. तो रिक्षात बसून गेला, आणि मग जिचं नावही त्यांना अजून धड माहीत नव्हतं त्या माझ्याकडे वळून सर म्हणाले, "आपल्याच घरातून आपल्याले बाहेर काढलं वं यानं! आन् आपण गुमान उभे राह्यलो!" मग स्टूल मागवलं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी विचारलं, कडी कुठं आहे? (त्यांचं नाव मी इथं घेणार नाही. इच्छा नाही. प्रमुख म्हणेन, तेवढं पुष्कळ झालं.) सरांनी खिशातून कडी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. "घ्या सर. पण पुन्हा लावू नका." प्रमुखांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला तो माणूस तिथंच आवडला. म्हणजे रामटेके सर.

मी स्वतः काही शांत बाई नाही. माझे वडील उमरेडला हातमागावर बसायचे. ते म्हणायचे, या पोरीचा राग नाकाच्या शेंड्यावर आहे, शिंकली तरी खाली पडन. पण सरांच्या रागापुढं माझा राग म्हणजे पोरखेळ. मी माणसांवर चिडायची, ते कुलपांवर चिडायचे. उंच, सावळे, पांढरा बुशशर्ट, बाहीवर कायम खडूची भुकटी. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असला की बोलायचे नाहीत, आणि बोलायचं असलं की तो थुंकायला बाहेर जायचे. त्यामुळे सर वर्गातून मधेच बाहेर गेले की पोरं सावध होऊन बसायची.

त्या कडीच्या प्रकरणानंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी जाहीर केलं, की आपण आपली ऑपरेटिंग सिस्टीम लिहायची. पोरांना समजेना, हे काय असतं. सर म्हणाले, "मशीनमंधी प्रोग्राम असते दहा, आन् सगळ्याईले एकदमच जेवाचं असते. कोण आधी बसन, कोण मागून, कोणाच्या पानावर काय पडन, हे पाहणारा एक माणूस लागते का नाही? पंगत लावणारा? थो म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. आता मले सांगा, आपल्या घरच्या लग्नात पंगत लावणारा आपण मुंबईहून आणला, आन् थो म्हणते मी कशी लावून राहिलो ते पाहू नका, डोळे झाका. तं चालन का?" पोरं एका सुरात म्हणाली, नाही चालन. तेवढ्यावर काम सुरू झालं.

स्टाफरूममध्ये हशा पिकला. प्रमुख म्हणाले, "रामटेके, परदेशात या कामाला माणसांच्या फौजा लागतात." सर म्हणाले, "मग आपल्याला उशीर होईल सर. होऊ द्या."

पण हौस म्हणून ते काम सुरू झालेलं नव्हतं, हे मला पुढं कळलं. सावनेरच्या एका तंत्रशाळेत लता बागडे नावाच्या बाई शिकवायच्या. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्यांची मुलं त्यांच्याकडे. वर्गभर मुलं आणि छोटं मशीन एक. एक मुलगा बसायचा, बाकीचे त्याच्या पाठीकडे बघायचे. बाजारात जी सिस्टीम मिळायची ती त्या मशीनवर एका वेळी एकालाच बसू द्यायची. त्याच मशीनला चार पडदे जोडून चौघांना एकदम बसवता आलं तर? सरांना तेवढंच करायचं होतं. बागडे बाईंचं मशीन आणि अशी गावोगावची मशीनं, आणि ज्याला पाहिजे त्यानं यावं, कोरी फ्लॉपी आणावी, भरून घेऊन जावं. नुसतं मशीनवर चालणारं रूप नाही, तर माणसानं लिहिलेल्या मूळ ओळीसुद्धा, ज्याला सोर्स म्हणतात तो. वाचा, बदला, पुढं द्या. नाव ठेवलं 'ओसरी'. ओसरीवर बसायला कोणी कोणाला विचारत नाही, म्हणून.

आता शनिवारच्या वाचनाबद्दल सांगते, कारण त्याशिवाय रामटेके सर कळायचे नाहीत. दर शनिवारी दुपारी कॅन्टीनच्या मागच्या शेडमध्ये आम्ही जमायचो. आठवडाभरात जे काही लिहून झालं ते मोठ्यानं वाचायचं. अट एकच, ज्यानं लिहिलं त्यानं वाचायचं नाही. दुसऱ्यानं वाचायचं, लिहिणाऱ्यानं गप्प बसून ऐकायचं. आणि ऐकणाऱ्यांतल्या कोणीही, अगदी पहिल्या वर्षाच्या पोरानंही, "थांबा" म्हटलं की थांबायचं. बागडे बाई एसटीनं यायच्या आणि सगळ्यात जास्त त्याच थांबवायच्या.

ही पद्धत कुठून आणली, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "आमच्या विहारातून." त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. उत्तर नागपुरात त्यांची वस्ती, वडील कापडगिरणीत. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन व्हायचं, आणि वाचता येणारे थोडे म्हणून शाळकरी शालिक रामटेक्याला वाचायला बसवायचे. "म्हाताऱ्या बाया बसत समोर. मी आपला गाडी सोडल्यावानी वाचत जाय. तं एखादी म्हणे, थांब गा, हे काहून म्हटलं तसं? आन् मले सांगता नाही ये. वाचता ये, पण सांगता नाही ये! तवा मले समजलं, वाचणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याले जास्त समजते." हे सांगताना ते हसत होते, पण ते "थांब गा" त्यांनी जन्मभर जपलं.

वाचनाची सुरुवातही ठरलेली. कोणी उठून म्हणालं, "सर, या आठवड्यात आपण दोन पडदे एकदम चालवले," की ते हात वर करायचे. "झालं ते झालं गा. नाही झालं ते सांग." आधी बिघाडांची यादी तोंडपाठ म्हणायची, मग कामाला लागायचं. ओसरीनं पडद्यावर पहिलं अक्षर उमटवलं तेव्हा पोरं टेबलं बडवून नाचली. सर खर्रा थुंकायला बाहेर गेले, परत आले आणि म्हणाले, "एक आलं. बाकीची कुठी आहेत?" तरीही त्या दिवशी सगळ्यांना चहा त्यांनीच पाजला.

त्यांचा खरा राग मी एकदाच पाहिला. अविनाश नावाचा आमचा सगळ्यात हुशार विद्यार्थी. फायली पुसायचा भाग त्यानं लिहिला होता. त्यात अशी चूक होती, की एकाची फाईल पुसली तर कधीकधी शेजाऱ्याचीही जायची. अविनाशला ते कळलं होतं. शनिवारी सगळ्यांसमोर कशाला, असं म्हणून तो गप्प राहिला. पुढच्या आठवड्यात, सावनेरला चाचणीसाठी दिलेल्या कच्च्या ओसरीवर बागडे बाईंच्या पोरांनी महिनाभर केलेलं काम गेलं. सर उठले, शेडच्या खांबावर मूठ हाणली, आणि असे ओरडले की कॅन्टीनवाला बाहेर आला. "चूक केली म्हणून नाही रागावून राहिलो मी! चूक कोण नाही करत? मी करतो, माहा बाप करे! लपवली काहून? ते पोट्टे तिथी खाणीतून आले, त्याईचं काम तुह्या इज्जतीपायी गेलं!" अविनाश रडला. सर त्याच्याजवळ जाऊन बसले आणि दोघांनी मिळून तो भाग पुन्हा लिहिला. तेव्हापासून अविनाश सगळ्यांत आधी स्वतःच्या चुका सांगायचा, अगदी कंटाळा येईपर्यंत.

तीनेक वर्षांत ओसरी उभी राहिली. सावनेरला एका मशीनवर चार मुलं बसू लागली. मी स्वतः जाऊन पाहिलं. बागडे बाई पदरानं पडदे पुसत राहिल्या. मग भंडाऱ्याहून कोणी आलं, यवतमाळहून कोणी आलं, कोरी फ्लॉपी आणली, भरून नेली. आणि मग, जशी गुळाला माशी यावी तशी, बाहेरगावची एक कंपनी आली.

या कंपनीचा माणूस आधी दोन शनिवार आमच्यात येऊन बसून गेला होता. आम्ही चहा दिला त्याला! सरांनी फ्लॉपीही भरून दिली. मी म्हटलं, "सर, हा विकणारा माणूस आहे." ते म्हणाले, "असो ना बाप्पा. ओसरीवर विकणारे नाही बसत का?" महिन्याभरात प्रमुखांनी आम्हाला कळवलं, की कंपनी ओसरी घेऊ इच्छिते, कॉलेजच्या यंत्रांवर तयार झाली म्हणजे ती कॉलेजची आहे, आणि संचालक मंडळापुढं प्रात्यक्षिक होईल.

स्टाफरूममध्ये सर एवढंच म्हणाले, "घेऊ द्या त्यांना. विकू द्या. फक्त सोर्स उघडा राहील आणि वाटणं बंद होणार नाही, एवढं लिहून घ्या." प्रमुख चहा ढवळत होते. वर न बघता म्हणाले, "ज्यांना सगळं फुकट मिळत आलंय, त्यांना फुकट वाटायला काय जातं!"

सगळे आपापल्या कपात बघायला लागले. एक जण, एक जण तरी तोंड उघडेल असं मला वाटलं. कोणी नाही. मी कप आपटला, तो फुटला, बशीही फुटली. सर शांतपणे म्हणाले, "फुकट नाही मिळालं सर. आमच्या आज्या-पणज्यांनी त्याची किंमत आधीच भरून ठेवली होती." आणि चहा पिऊन वर्गावर गेले. मी मागून धावत गेले. "तुम्ही त्याच्या थोबाडीत का नाही मारली?" तर म्हणतात, "काहून येवढी तापते वं? मले आता तास आहे." असा माणूस! त्या प्रमुखावर चिडावं की यांच्यावर, तेच मला कळेना.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी संचालक मंडळ खुर्च्यांवर, कंपनीचे लोक टाय लावून. प्रमुखांनी भाषण केलं, ओसरी ही आमच्या विभागाची परिपूर्ण निर्मिती आहे वगैरे. मग म्हणाले, रामटेके आता दाखवतील. सर उठले, घसा साफ केला, आणि सवयीनं, अगदी शनिवारच्या सवयीनं, सुरू झाले. "आधी काय होत नाही ते सांगतो. पाचवा पडदा जोडला की मशीन थकते. डिस्क भरत आली की सांगत नाही, सांगायला पाहिजे. प्रिंटर एका वेळी एकाचंच ऐकतो..." एकेक करून सगळे बिघाड, कारणासकट, कुठल्या भागात दोष आहे त्यासकट. प्रमुखांचा चेहरा पांढराफटक. मी मागं बसून मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते. म्हटलं, वा! मोडला सौदा! आता कोण घेतं बघू!

कसलं काय. कंपनीच्या माणसानं खिशातून पेन काढलं आणि सर बोलतील ते उतरवून घेतलं. संपल्यावर उठून सरांशी हात मिळवला. "इतका प्रामाणिक माल आम्ही आजवर पाहिला नाही," म्हणाला. बिघाड कुठं आहेत ते कळल्यावर घ्यायला भीती कसली? तिथंच सौदा पक्का झाला. ज्या सवयीनं ओसरी उभी राहिली, त्याच सवयीनं ती आमच्या हातून गेली. सोर्स उघडा ठेवायची अट कोणी लिहून घेतली नाही.

मग हुकूम आला. सोर्स कॉलेजची आणि कंपनीची मालमत्ता. सगळ्या फ्लॉप्या जमा करा. कॅन्टीनमागे जमायला मनाई. बाहेर दिलेल्या प्रती परत मागवा किंवा पुसून टाका. आणि रामटेके सरांची बदली परीक्षा विभागात, उत्तरपत्रिका बांधायला. कंपनीच्या ओसरीत सुरुवातीला पडद्यावर सरांचं आणि पोरांचं नाव यायचं, ते गेलं. तिथं कंपनीचं नाव आलं, आणि खाली बारीक अक्षरांत प्रमुखांचं.

मला वाटलं होतं, सर लढतील. ज्या माणसानं एका कडीसाठी स्टूल मागवलं तो आता कचेरी पेटवेल. त्यांनी काय करावं? सगळ्या फ्लॉप्या खोक्यात भरून नेऊन दिल्या. वर सावनेरला निरोप पाठवला, "पुसून टाका." बागडे बाईंनी पुसलं. पुन्हा एका मशीनवर एक मुलगा, बाकीचे त्याच्या पाठीकडे बघत.

मी परीक्षा विभागात गेले. गठ्ठ्यांच्या मधे बसले होते, सुतळीच्या गाठी मारत. मी तोंडाला येईल ते बोलले. भित्रे म्हणाले. नंदीबैल म्हणाले. "तुमच्या बापानं छप्पन साली मान वर केली ती तुम्ही खाली घालायची म्हणून का?" असंही बोलले, आणि तो शब्द मी परत घेत नाही, कारण त्या दिवशी तो खराच वाटत होता. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग सुतळी दातानं तोडली.

"त्याईचं त्याईले देऊन टाकलं," ते म्हणाले. "आता आपल्याजोळ त्याईचं काहीच नाही. एक ओळ नाही. आता आपण काही लिहलं तं थे कोणाचं राहीन?"

मला कळलंच नाही. त्यांनी मग समजावून सांगितलं. ओसरी त्यांनी पहिल्यांदा लिहिली तेव्हा काय करायचं ते माहीत नव्हतं, म्हणून तीन वर्षं लागली. आता शेडमध्ये बसलेल्या प्रत्येकानं दुसऱ्याच्या चुका कानांनी ऐकल्या आहेत, आणि चुका पाठ आहेत. "ओळी नेल्या कंपनीनं. चुका कशा नेईन? येत्या रविवारी सावनेरले ये. कॉलेजच्या मशीनले हात लावाचा नाही. बागडे बाईच्या मशीनवर, कोऱ्या पाटीपासून. जुनी ओळ कोणाले आठवली तरी लिहाची नाही. दुसऱ्या रस्त्यानं जाचं."

"आणि नाव?"

"नाव नाही ठेवाचं. नाव ठेवलं का सही कराले जागा होते."

मी तिथंच त्या गठ्ठ्यांवर बसले. माझा राग गेला असं नाही. पण रविवारी मी सावनेरच्या गाडीत होते, अविनाश होता, शेडमधली निम्मी पोरं होती. बागडे बाईंनी घरून पिठलं-भाकरी आणली होती. दर रविवारी तेच. वाचनही तिथंच, शाळेच्या पडवीत, अट तीच. आणि खरंच, जिथं पूर्वी महिने गेले तिथं आठवडे लागले. पाचवा पडदाही जोडला गेला, मशीन थकलं नाही. डिस्क भरत आली की बोंब मारायला लागली. ज्यांना पाहिजे ते पुन्हा फ्लॉपी घेऊन यायला लागले, आता सावनेरला. पडद्यावर नाव नाही, गाव नाही, नुसता लुकलुकणारा ठिपका. तेवढा प्रिंटर काही सुधरत नव्हता. दोघांनी एकदम छापायला दिलं की दोघांच्या ओळी एकमेकांत घुसायच्या.

त्या पावसाळ्यात सर गेले. सकाळी कॉलेजला निघताना छातीत कळ आली. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नेलं, मी पोचले तेव्हा नळ्या लावलेल्या. शेवटचे शब्द वगैरे काही नाहीत. लोक उगाच रचून सांगतात. त्यांना बोलताच येत नव्हतं. दुपारी गेले. मुलगी दहावीत होती त्यांची. मला इतका राग आला, इतका राग आला त्यांचा! चांगलं चाललं होतं सगळं, आणि हा माणूस निघून गेला. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून त्यांना शिव्या दिल्या, मोठ्यानं, आणि नर्सबाई मला पाणी देत राहिल्या.

कॉलेजात शोकसभा झाली. फोटोला हार, उदबत्ती, आणि भाषणाला कोण? प्रमुख! "ओसरीच्या निर्मितीत कैलासवासी रामटेक्यांचा मोलाचा हातभार होता." हातभार! आणि बौद्ध माणसाला कैलासवासी! मी उभी राहिले. "ज्याचं नाव तुम्ही पुसलंत त्याच्या फोटोला हार घालताना तुमचा हात कसा थरथरत नाही?" असं म्हटलं. मी बाहेर पडले, माझ्यामागं अविनाश, मग एकेक करून पोरं. दुसऱ्या दिवशी मला मेमो मिळाला. मी तो अजून वाचलेला नाही.

सावनेरचं काम थांबवलं नाही. सर नसले तरी रविवार येतच होता. पोरं म्हणाली, आता तरी सरांचं नाव देऊ याला. बागडे बाई म्हणाल्या, "त्याईनं नको म्हटलं होतं." नाव दिलं नाही. मला नाव द्यायचं होतं. मनापासून द्यायचं होतं.

मग एका रविवारी एक गृहस्थ आले. चाळिशीच्या आसपासचे, धोतरात नसले तरी धोतरातलेच वाटावेत असे, हातात पिशवी. मूळचे कुहीचे, उमरेडला टायपिंग आणि कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. पिशवीतून त्यांनी फ्लॉपी काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

"मॅडम, थे प्रिंटरचं काम बिघडून राहिलं होतं. दोघाईच्या ओळी मिसळत होत्या. मी नीट केलं. मंग वाटलं, वापस आणून द्यावं, सगळ्याईच्या कामी पडन."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अविनाशनं त्यांनी लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, ते गृहस्थ मांडी घालून ऐकत होते. बागडे बाईंनी दोनदा थांबवलं. मग चालवून पाहिलं. दोन पडद्यांवरून एकदम छापायला दिलं. एक कागद आला, स्वच्छ. त्याच्यामागून दुसरा आला, स्वच्छ. आम्हाला कोणाला जमलं नव्हतं ते त्यांनी उमरेडला बसून केलं होतं.

"तुम्हाला हे दिलं कोणी?" मी विचारलं.

"भंडाऱ्याच्या दोस्तानं. त्याले कोणी देलं ते नाही माहीत."

"रामटेके सर असते तर आज..." एवढंच मी म्हटलं.

ते गृहस्थ नम्रपणे माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "कोण रामटेके?"

बागडे बाईंना हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. सर असते तर मांडीवर थाप मारून म्हणाले असते, हेच तं पाहिजे होतं वं. मला माहीत आहे. मला चांगलं माहीत आहे. पण माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. मी खुर्ची ओढली आणि "बसा! बसा खाली, सांगते कोण रामटेके!" असं म्हटलं, ते इतक्या वरच्या पट्टीत, की ते बिचारे फ्लॉपीची पिशवी छातीशी धरून म्हणाले, "मॅडम, माह्यं काही चुकलं का?"

"नाही हो," मी म्हटलं. "तुमचं सगळं बरोबर आहे. तेच तर मला सहन होत नाही."